पंचमीला सुई नको

१९ ऑगस्ट १९९६, सोमवार

१. आज नागपंचमी. साताऱ्याहून पहिल्या एसटीने निघाले. न कळवता सांगलीला ‘ओसरी’त पोचले.
२. आत्तीला सकाळचे वेदनेचे इंजेक्शन दिलेले नव्हते.
३. आत्ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. पदर दातांत धरला होता.
४. मेट्रन अंजनाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, पेशंट नको म्हणते.
५. मी म्हटले, नको म्हणाली तरी द्यायला हवे. त्या म्हणाल्या, नाही देणार.
६. इंजेक्शनऐवजी गोळ्या मागवल्या होत्या. त्या सकाळी यायला हव्या होत्या. परवान्याशिवाय मिळत नाहीत अशा गोळ्या आहेत. डॉक्टर त्या मिरजेहून घेऊन आले तेव्हा सगळ्यांची जेवणे झाली होती.
७. गोळी दिल्यानंतर थोड्या वेळाने आत्तीने पदर सोडला.
८. ती झोपली. मी तिच्याशी बोलले नाही. परत निघाले.

वरचे एसटीत लिहिले. कारखान्यात बिघाडाची नोंद अशीच करतात: आधी काय झाले, मग का झाले, मत सर्वांत शेवटी. अक्षर वेडेवाकडे आले आहे ते गाडीमुळे.

२० ऑगस्ट, मंगळवार. सातारा

सगळी परिस्थिती एकदा मांडून ठेवते. निर्णय घेताना गोंधळ नको.

आत्ती म्हणजे आक्काताई, माझ्या वडिलांची थोरली बहीण. शिराळ्याला दिलेली. मूलबाळ नाही. माझी आई मी पाळण्यात असताना गेली आणि आबा फौजेत होते, म्हणून दहावीपर्यंत मी आत्तीकडे होते. नंतर सांगलीत डिप्लोमा, मग साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरी. बिडाची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, तपासून पास-नापास करणे हे माझे काम. आत्तीचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. तिचा कॅन्सर स्तनातून मणक्यात उतरला आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की आता उपचार म्हणजे फक्त दुखणे कमी करणे.

ते काम ‘ओसरी’ करते. विश्रामबागेत आहे, कॉलेजच्या मागच्या गल्लीत. मी तिथून रोज सायकलने जात असे तेव्हा तिथे पेरूची बाग होती आणि माळी आम्हा मुलींना पडलेले पेरू नेऊ द्यायचा. आता तिथे दहा खाटांचे बैठे घर आहे. एक पेरूचे झाड ठेवले आहे.

आत्तीला महिन्याच्या बोलीवर ठेवले आहे. महिना ३१ ऑगस्टला संपतो. त्यानंतर दोनच मार्ग: शेवटपर्यंत तिथेच ठेवायचे किंवा आबांच्या घरी गावाला न्यायचे. आबांना घरीच न्यायचे आहे. मी त्यांना सांगितले, आधी मला तपासू द्या.

नवा पुरवठादार नेमण्याआधी आम्ही त्याच्याकडून नमुन्याची खेप मागवतो. चांगला माल दाखवायला काढलेला असतो, म्हणून खालचा तुकडा उचलायचा असतो. इथेही तेच केले. वेळ बदलून गेले. दारात वास येतो का ते पाहिले. गादी उलटून पाहिली. पाठीला, टाचांना जखमा आहेत का पाहिले. नखे पाहिली. पाण्याचा पेला पेशंटचा हात पोचेल इतका जवळ ठेवतात की झाडणाऱ्या बाईच्या सोयीने लांब, तेही पाहिले. शेजारच्या खाटेवर मनुबाई म्हणून आहेत, तासगावकडच्या. मी आले की त्या म्हणतात, “आली बगा फौजदारीण.”

पेला जवळ असतो. वास नाही. जखमा नाहीत. बाकी सगळ्यात पास, पण वेदना हा मुद्दा कालपासून नापास. आणि त्यात नापास झालेले केंद्र म्हणजे नुसते स्वच्छ लॉज.

तक्रारीचे पत्र लिहून आज पोस्टात टाकले. तक्रार केल्यावर काय होते हाही तपासणीचा मुद्दा आहे.

आता का झाले ते. पंचमीला चिरायचे नाही, कापायचे नाही, तवा ठेवायचा नाही, सुईत दोरा ओवायचा नाही. नागाला इजा होते. शिराळ्यात हे सांगावे लागत नाही. आत्ती आदल्या दिवशीच विळी पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकायची. पंचमीला दिंडं उकडायची, पुरणाची, वर तुपाची धार. मी शाळेत शिवणाच्या तासाला सुई हातात घेतली नाही म्हणून एकदा छड्या खाल्ल्या होत्या. तेव्हा आत्ती शाळेत जाऊन बाईंशी भांडून आली. तेव्हा पोरे खरे नाग धरून आणायची. गाडगे दारात आले की आत्ती ताट घेऊन उंबऱ्यात उभी राहायची आणि मी मागून तिच्या निऱ्या घट्ट धरायची. गाडग्याचे तोंड सुटायचे, नाग वर यायचा, आणि आत्ती एखाद्या पाहुण्याला म्हणावे तसे म्हणायची, “आलास व्हय रं भावा?” आबा काश्मीरात होते त्या वर्षी बरेच दिवस त्यांचे पत्र नव्हते. त्या वर्षी ती नागाशी जरा जास्त वेळ बोलली. काय बोलली ते मला आठवत नाही. मी सहा-सात वर्षांची असेन. तिच्या साडीला हळदीचा आणि लाह्यांचा वास होता, तो आठवतो.

हे मूळ मुद्द्याला धरून नाही. कारण एवढेच: जुनी समजूत. समजुतीपायी माणसाला दुखत ठेवणे ही सेवेतली त्रुटी आहे. मत कायम.

२२ ऑगस्ट, गुरुवार. गाव

पहिली शिफ्ट करून गावी आले. उंब्रजच्या पुढे फाट्यावर उतरून चालत.

आबांनी मधली खोली चुन्याने रंगवून घेतली आहे. खिडकीशी खाट, तिला नवी नवार. खाटेशेजारी भिंतीत आडवी लोखंडी नळी बसवली आहे, धरून उठायला. मी ती जोर लावून हलवून पाहिली. पक्की आहे.

“उंची कशावरून घेतली?” मी विचारले.

“आक्का माझ्या खांद्याला लागती की. त्या हिशेबानं तिचा हात कुठं यील, तिथं घेतली.”

आत्ती आता उभी राहू शकत नाही, हे मी त्यांना मागेच सांगितले आहे. पुन्हा सांगितले नाही.

“घिऊन ये तिला,” आबा म्हणाले. “आपलं माणूस परक्याच्या दारात ठेवायचं? गाव थुकंल माझ्या तोंडावर.”

“अंघोळ कोण घालणार?”

“शेजारच्या आप्पासोची बायको यील.”

“रोज? आणि रात्रीची कूस बदलायला?”

“मी हाय की.”

“कपडे बदलायला?”

आबांनी चुन्याचा शिंतोडा नखाने खरवडला.

“तुम्ही एकदा येऊन ती जागा तरी बघा,” मी म्हटले. “महिना होत आला. एकदाही आला नाहीत.”

“उसाला पाणी हाय.”

“सोमवारी तुमचं पाणी नसतं.”

“सोमवारी बैल आजारी हुता.”

“बैल तुम्ही उन्हाळ्यात विकलात.”

“लय वकिली शिकलीस गं,” आबा म्हणाले आणि हसले. मलाही हसू आले होते, पण मुद्दा सुटला असता.

माझ्या लहानपणी ते सुट्टीवर येत तेव्हा शिराळ्याला दोन-तीन दिवस राहत. हिरवी ट्रंक, तिच्यात आत्तीसाठी लोकर, माझ्यासाठी आक्रोड. आत्ती त्यांना जेवायला वाढून समोर बसायची आणि काही विचारायची नाही. तेही काही सांगायचे नाहीत. मला ते दोघे एकमेकांवर रागावले आहेत असे वाटायचे. जायच्या दिवशी आबा अंधारातच निघून जात, तिला उठवत नसत. आणि आत्ती आपण झोपलो होतो असे दिवसभर सांगायची. मी तिच्या शेजारी झोपत असे. ती जागी असायची.

सोमवारचे त्यांना सांगितले नाही. सांगितले असते तर ते टेम्पो घेऊन तिला आणायला गेले असते. नाहीतरी तेवढ्यासाठी ते जातील. भेटायला जाणार नाहीत. यातला फरक मला समजत नाही.

मी निघाले तेव्हा दारात म्हणाले, “लय दुखतं काय गं तिला?”

मी उत्तर द्यायच्या आत ते विहिरीवरची मोटार बघायला गेले. वीज गेलेली होती. मोटार बंदच होती.

२४ ऑगस्ट, शनिवार

गेटवरून निरोप आला, सांगलीचा फोन आहे. वॉचमनच्या केबिनमधून बोलले. अंजनाबाई होत्या.

“मॅडम, पत्र पोचलं तुमचं. दोन गोष्टी हायत. पैली म्हणजे गोळ्या उशिरा आल्या. ती चूक आमची. पंचमी कवा हाय ते कॅलिंडरात छापलेलं असतं. पण रविवारी आक्काताईंनी उपास धरला, निस्त्या दुधावर ऱ्हायल्या, तवा माझ्या ध्यानात आलं आन् मी डाक्टरांना फोन केला. आदुगरच्या आठवड्यात इचाराय पायजे हुतं. आता दाखल हुताना इचारतो समद्यांना, तुमचा वार कुठला, उपास कुठला, काय चालत न्हाई. डाक्टरांनी गोळ्याच कायम केल्यात. सुई बंद.”

“दुसरी गोष्ट?”

“तुमी लिवलंय, नको म्हणाल्या तरी टोचाय पायजे हुतं. ते मी करनार न्हाई. पुढच्या पंचमीलाबी न्हाई.”

“तुमच्याकडे पंचमी कडक असते का?”

त्या मोठ्याने हसल्या. “आमच्यात? आवं, आमच्या आज्यानं छप्पन्न साली दीक्षा घेतली तवाच हे समदं सोडलं. मी त्या दिवशी घरनं वांगी चिरून आलते.”

“मग?”

“मग काय? दंड त्यांचा हाय न्हवं.” मग त्यांनी विचारले, “का नको म्हणाल्या ते इचारलं का तुमी त्यांना?”

“माहीत आहे मला. पंचमी.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नोंद: चूक मान्य केली. कारण सांगितले. दुरुस्ती केली, आणि पुन्हा होऊ नये म्हणून पद्धत बदलली. माझ्या पुरवठादारांपैकी फार थोडे हे चारही करतात. बहुतेक जण लाइट गेली होती म्हणून सांगतात.

त्या “बरं” असे का म्हणाल्या ते कळले नाही.

२६ ऑगस्ट, सोमवार. सांगली

“आली फौजदारीण,” मनुबाई म्हणाल्या. “उलटी कर बाई गादी, एकांदा ढेकूण घावला तर मलाबी दाव. आन् हिच्या पंचमीची आमास्नी शिक्षा, ते बी लिव. स्वैपाकिणीनं विळीच काढली न्हाई. दोन्ही वक्ताला खिचडी!”

“तुला दात कुठं हायत भाकरी खायाला?” आत्ती म्हणाली.

दोघी हसल्या. आत्तीला हसताना पाहून मी घड्याळ बघितले. गोळीची वेळ होऊन बराच वेळ झाला होता, म्हणजे हसणे गोळीच्या भरातले नव्हते.

तिचे केस विंचरले. लहानपणी ती माझे विंचरायची तेव्हा मी हलले की कंगवा डोक्यावर आपटायची. आता केस इतके विरळ झाले आहेत की कंगवा जपून धरावा लागतो. खिडकीतून पेरूचे झाड दिसते. मी तिला सांगितले, इथले पेरू मी वेणीफणी न करता कॉलेजला पळताना खाल्लेत. ती म्हणाली, “म्हायती हाय. सुट्टीला यायचीस तवा दप्तरात बिया असायच्या.”

मग मी विचारले, “आत्ती, तुला इथं ठेवायचं की घरी न्यायचं?”

तिने मान वळवली. “आत्ता इचारतीस व्हय? मला वाटलं गादीसंगं माझीबी तपासणी चाललीया. डाक्टरला इचारलंस, नर्शीला इचारलंस, सैपाकिणीला इचारलंस. मनूलाबी इचारलंस.”

खरे आहे. मुद्द्यांत ते नव्हते.

“सांग मग.”

“हितंच.” तिने लगेच सांगितले. “तुझ्या बापाच्या, आकारामाच्या घरात मला कोण धुणार, पुसणार? आन् त्यो भाईर बसनार, मी आत. एवढंसं कण्हले तरी त्येला ऐकू जानार. मग मी तोंड दाबून पडनार, आन् त्यो मला ऐकू येत न्हाई असं दावनार. हितं बाया हायत. हितं मोकळं कण्हता येतंय बाई.”

“व्हय, लय कण्हती,” मनुबाई म्हणाल्या. “झोपू देत न्हाई.”

“तू घोरतीस त्येचं काय?”

अंजनाबाई दारातून जाताना क्षणभर उभ्या राहिल्या, मग गेल्या.

“पंचमीला सुई का घेतली नाहीस?” मी विचारले.

“इसरलीस व्हय शिराळ्याचं? त्या दिवशी टोचत न्हाईत.”

“नागाला लागतं म्हणून.”

“नाग कोण?”

मी कंगवा खाली ठेवला.

“आदल्या दिवशी मी जलमभर कुनाचा उपास धरला? भावाचाच न्हवं?” आत्ती म्हणाली. “त्यो बर्फात हुता, कागद न्हाई पत्तर न्हाई, तवा मी घरात चाकू धरला न्हाई. लडाईच्या टायमाला न्हाई. आन् आता मला दुखतंय म्हणून त्येला टोचू? चार तासाची तर गोष्ट हुती.”

ती दमली. मी पाणी दिले.

“त्येला सांगू नगंस,” ती म्हणाली. “सांगितलंस तर त्यापायी यील. त्येला यावं वाटलं तर येऊ दे.”

“आबा का येत नाहीत?”

“तुला दिसत न्हाई? मी उठायच्या आदुगर निघून जायाची सवं हाय त्येला.” आणि तिने डोळे मिटले. “आन् मी आता जागीच असती.”

मी तिथे बसून राहिले. आमच्या शिराळ्याच्या घरामागे निंबाला झोका असायचा, पंचमीच्या आधी बांधायचा. आत्ती मला उभी करून मागून ढकलायची. मी उंच गेले की खाली वळून पाहायची, तर ती दोन्ही हात पुढे धरून उभी असायची, मी परत येणार त्या जागी. एकदाही तिने हात खाली घेतलेले मला आठवत नाहीत. त्या वेळी मला वाटायचे की झोक्याला तेवढाच दोर आहे म्हणून मी परत येते.

निघताना पाण्याचा पेला तिच्या हाताच्या अंतरात आहे का पाहिले. होता. तरी जरा जवळ सरकवला.

२७ ऑगस्ट, मंगळवार. सातारा

तपासणीत एक मुद्दा वाढवला: पेशंटला मोकळे कण्हता येते का. होय. तो सर्वांत वर घातला. वेदनेच्या मुद्द्यापुढे १९ तारखेची त्रुटी तशीच ठेवली आहे, पुढे दुरुस्ती झाल्याची नोंद केली आहे. “नको म्हणाली तरी द्यायला हवे होते” हे माझे मत खोडले. अंजनाबाईंना तसे दोन ओळींत कळवले.

आबांना पाठवायचे पत्र इथे उतरवून ठेवते.

ती. आबांस सा. नमस्कार.

‘ओसरी’ची तपासणी पूर्ण झाली. जागा चांगली आहे. एकदा चूक झाली होती, ती त्यांनी मान्य करून सुधारली. आत्ती शेवटपर्यंत तिथेच राहील. हा निर्णय तिचा आहे, मी फक्त कळवते आहे. गावात कोणी विचारले तर तसेच सांगावे.

तुम्ही बसवलेली नळी पक्की आहे आणि उंचीही तिच्या मापाची आहे. पण आत्ती आता उभी राहत नाही. हे मी पूर्वी बोलले होते, तेव्हा तुम्ही ऐकले नसावे. नळी मात्र काढू नका.

लय दुखतं काय, असे तुम्ही विचारले होते. आता गोळ्यांनी बरेच कमी आहे. पंचमीच्या दिवशी मात्र फार दुखले. त्या दिवशी तिने सुई टोचून घेतली नाही. का घेतली नाही ते तिने मला सांगितले, आणि तुम्हाला सांगू नकोस असेही सांगितले, म्हणून लिहीत नाही. आदल्या दिवशी तिचा उपास होता.

सोमवारी, २ सप्टेंबरला, मी सांगलीला जाणार आहे. पहिली एसटी आपल्या फाट्यावर थांबते. मी डाव्या बाजूला, पुढून तिसऱ्या बाकावर असेन आणि शेजारची जागा धरून ठेवीन. आत्ती दिवसा जागी असते. येताना काही आणू नये.

तुम्ही येणार की नाही, ते शनिवार, ३१ ऑगस्टपर्यंत कळवावे. सोसायटीतून कारखान्याच्या गेटवर फोन केला तरी चालेल.

संयोगिता